युरोपात फराळ पाठवणारी पार्सल सेवा : दुकान चोख, घोळ सरकारी

लंडनच्या हॅरो भागातील एका छोट्या पार्सल सेवेमार्फत आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहणाऱ्या बहिणीकडे दिवाळीचा फराळ पाठवतो. खोके बांधणे, ग्राहकासमोर वजन करणे आणि पार्सल कुठवर पोहोचले ते कळवत राहणे, यांत या दुकानाला नावे ठेवायला जागा नाही. दर टपालापेक्षा चढे असले तरी सीमाशुल्काचे घोषणापत्र भरताना जी मदत होते, तिच्यात ते पैसे वसूल होतात.

या घोषणापत्रात ‘फराळ’ असे मोघम लिहून चालत नाही. चकली, चिवडा, शेव अशा प्रत्येक जिन्नसाचे वर्णन, वजन आणि किंमत वेगवेगळी भरावी लागते. काउंटरवरील बाईंनी माझ्या यादीतील ‘घरगुती खाऊ’ हे शब्द खोडून ‘तांदूळ व डाळींच्या पिठाचा तळलेला पदार्थ’ असे लिहिले, ‘भेटवस्तू’च्या चौकोनात खूण केली, एकूण किंमत ४५ युरोंच्या आत असल्याची खात्री करून घेतली आणि खव्याची बर्फी मुकाट्याने माझ्याकडे परत सरकवली, कारण ब्रिटनमधून युरोपीय महासंघात खासगी पार्सलने दुग्धजन्य पदार्थ पाठवायला बंदी आहे. २०२० संपेपर्यंत यातले काहीच भरावे लागत नव्हते.

याचा राग दुकानावर काढण्यात अर्थ नाही. महासंघातून बाहेर पडण्याचा कौल ब्रिटनच्या ५१.९ टक्के मतदारांनी २३ जून २०१६ रोजी दिला, आणि तो ज्यांना मनापासून मान्य आहे त्यांनाही अंमलबजावणीचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेने तीनदा फेटाळला. त्यांच्यानंतर आलेल्या बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने महासंघाशी झालेला व्यापारी करार जाहीर केला तो २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे तो लागू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, आणि हजारावर पानांचा तो दस्तऐवज संसदेने एका दिवसात मंजूर करून टाकला. आयातशुल्क तर नसेलच, व्यापारात इतर अडथळेही नसतील, असे पंतप्रधान तेव्हा सांगत होते. २०१९ मध्ये तर उत्तर आयर्लंडमधील उद्योजकांना त्यांनी असे फॉर्म खुशाल कचरापेटीत टाका, असा सल्ला दिला होता. (आमच्या बाई अर्थातच तो मानत नाहीत.) करार लागू होताच, जानेवारी २०२१ मध्ये, नेदरलँड्समधील हूक ऑफ हॉलंड बंदरावर डच अधिकारी नव्या नियमांवर बोट ठेवून ब्रिटनहून आलेल्या चालकांची हॅम सँडविचे काढून घेताना दिसले.

त्याहून संताप येतो तो पुढच्या चालढकलीचा. महासंघाची तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू झाली, तर ब्रिटनने आपल्या बाजूची तपासणी वारंवार पुढे ढकलत २०२४ उजाडू दिले. परिणामी तिकडचे चीज इकडे सहज येत राहिले आणि इथल्या चीजला पशुवैद्याच्या प्रमाणपत्राशिवाय पलीकडे पाऊल टाकता येईना. हे करणारा, मे आणि जॉन्सन यांचा हुजूर पक्ष स्वतःला व्यापाऱ्यांचा कैवारी म्हणवत असे. मजूर पक्षाच्या सरकारने खाद्यपदार्थांवरील तपासण्या कमी करण्यासाठी वाटाघाटी करायचे मे २०२५ मध्ये महासंघाशी ठरवले, तोवर कितीतरी छोट्या विक्रेत्यांनी युरोपचा नाद सोडला होता.

दुकानाची त्रुटी एकच : घोषणापत्राचे शुल्क वेगळे पडते, ते दर्शनी फलकावर नाही, पैसे देतानाच कळते. पाचपैकी चार तारे. शनिवारी दुपारी रांग मोठी असते. सकाळी जावे आणि प्रत्येक जिन्नसाचे वजन घरूनच लिहून न्यावे.