फुकटातलं एन-वन-एमएम लॉगर प्लस: हॅम कॉन्टेस्टवाल्यांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या कॉन्टेस्टमधले संपर्क नोंदवणारं हे सॉफ्टवेअर दिसायला एकदम रद्दी आहे. उघडलं की करड्या रंगाच्या सहा-सात विंडो स्क्रीनभर पसरतात, कुठली कशासाठी ते कळत नाही, अक्षरं बारीक, बटणांवर एफ-वन एफ-टू, आणि सेटिंगचा डबा उघडला तर तलाठी ऑफिसातल्या फॉर्मसारखे रकाने संपतच नाहीत. नवीन हॅम इथेच वैतागतो आणि परत वहीकडे नाहीतर एक्सेलकडे वळतो. माझं म्हणणं एवढंच की वळू नका, एक वीकेंड द्या याला, कारण कॉन्टेस्टसाठी यापेक्षा कामाचं फुकट काही मी तरी बघितलेलं नाही.

ज्यांना कॉन्टेस्ट हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेल्या वेळेत जगभरातल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं, प्रत्येकाकडून ठरलेली माहिती घ्यायची, द्यायची, नोंदवायची, पुढे जायचं. हवापाण्याच्या गप्पा नाहीत. सगळ्यात मोठी सीक्यू वर्ल्डवाइड, ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला बोलून म्हणजे एसएसबी, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला मोर्स म्हणजे सीडब्ल्यू. ४८ तास, आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. द्यायचं काय तर सिग्नल रिपोर्ट आणि आपला झोन, आपला झोन २२, म्हणून दोन दिवस "फाइव्ह नाइन टू टू, फाइव्ह नाइन टू टू" एवढंच घरात ऐकू येतं. जग ४० झोनमध्ये वाटलंय, प्रत्येक बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर, नवीन झोन आणि नवीन देश मिळाला की तो मल्टिप्लायर, आणि शेवटी एकूण पॉइंट गुणिले एकूण मल्टिप्लायर. हा गुणाकारच सगळा खेळ आहे आणि सॉफ्टवेअर लागतं ते त्यासाठीच, कारण १६० मीटरपासून १० मीटरपर्यंत सहा बँडवर कोणता देश झालाय कोणता राहिलाय हे रात्री तीन वाजता डोक्यात ठेवणं माणसाचं काम नाही.

नावाचं म्हणाल तर एन-वन-एमएम हा ज्या अमेरिकन हॅमने हे मुळात लिहायला घेतलं त्याचा कॉलसाइन, म्हणजे हवेवरची त्याची ओळख. आता जगभरातले बरेच जण मिळून सांभाळतात, सगळे फुकट राबतात, जाहिरात नाही, ट्रायल संपली पैसे भरा अशी भानगड नाही, आणि अपडेट इतक्या वेळा येतात की कॉन्टेस्टच्या आदल्या रात्री ते करायचं की नाही यावर हॅम लोकांत दोन गट आहेत. मी न करणाऱ्या गटातला. चालतंय ना, मग हात लावू नका.

आता मुद्द्याचं. यातली एक सोय सुरुवातीला बंद असते आणि खरा जीव तिच्यातच आहे, तिचं नाव ईएसएम, म्हणजे एंटर दाबलं की मेसेज जातो. कंट्रोल आणि एम दाबून चालू करा. मग काय होतं बघा, कॉलसाइनचा रकाना रिकामा असताना एंटर मारला तर सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' ही हाक, जातो, कोणी उत्तर दिलं, त्याचा कॉल टाइप करून एंटर मारला की त्याचा कॉल आणि आपला रिपोर्ट जातो, त्याचा झोन आला की परत एंटर, थँक्यू जातं आणि कॉन्टॅक्ट लॉगमध्ये बसतो, रकाना परत रिकामा. झोन तर बहुतेक वेळा देशावरून आधीच भरलेला असतो, फक्त कान देऊन खात्री करायची. पुढच्या एंटरला काय जाणार ते बटण रंगवून दाखवतं. सीडब्ल्यूला कीअर जोडला की संगणकच मोर्स वाजवतो, पेज-अप पेज-डाउनने स्पीड कमी-जास्त, एस्केप मारला की जागीच गप्प. एसएसबीला आपल्याच आवाजात सीक्यू रेकॉर्ड करून ठेवायचा, रविवारी दुपारपर्यंत घसा शाबूत राहतो. ज्याने कधीतरी वहीवर कॉन्टेस्ट केलीय त्यालाच कळेल हे काय सुख आहे. आणि नुसता आरामही नाही हां, एंटर-एंटर-एंटर या ठेक्यात बसलं की आपोआप कमी बोलायला लागतो माणूस, "प्लीज कॉपी माय रिपोर्ट" वगैरे शेपटं गळून पडतात, आणि समोरचा जर्मन किंवा इटालियन पण खूश कारण त्यालाही पुढे जायचंय.

दुसरी गोष्ट रंग. कॉल टाइप केला की तो निळा झाला तर नवीन कॉन्टॅक्ट, लाल झाला तर मल्टिप्लायर, हिरवा झाला तर एकाच दगडात देश पण आणि झोन पण, करडा झाला तर हा आधी झालाय, सोडून द्या. बाजूच्या इन्फो विंडोत ताशी रेट दिसतो, आणि त्यातच एक ओळ असते की आत्ता एक मल्टिप्लायर म्हणजे किती कॉन्टॅक्टच्या बरोबरीचा. ही ओळ व्हीयूवाल्यांनी, म्हणजे आपण भारतीय हॅमनी, चष्मा लावून वाचावी. कारण बघा, सकाळी १० मीटर उघडलं की जपानी स्टेशनं धडाधड येतात, सिग्नल कडक, रेट बघून छाती फुगते, पण जपान आणि आपण एकाच खंडात म्हणून कॉन्टॅक्टला पॉइंट एकच. युरोपला तीन. आपल्याच देशातल्या स्टेशनला पॉइंट शून्य, फक्त मल्टिप्लायर म्हणून प्रत्येक बँडवर एकदा उपयोग. म्हणजे सकाळभर जपान करून जो आनंद होतो तो दुपारनंतर १५ आणि १० मीटरवर युरोप उघडला की एका तासात मागे पडतो. आणि संध्याकाळी २० मीटरवर कोणी आफ्रिकेतला बारीक आवाजात बोलवत असेल तर त्याच्यामागे पाच मिनिटं घालवायची की युरोपची रांग संपवायची, हा निर्णय ती एक ओळ बघून घेता येतो. आपल्याकडे बहुतेकांचा सेटअप म्हणजे १०० वॉटचा रिग, म्हणजे रेडिओ सेट, आणि गच्चीवर इन्व्हर्टेड व्ही अँटेना, नियमानेही जनरल लायसन्सला एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, ४०० वॉटच्या वर जाता येत नाही, तिकडे कॉन्टेस्टमध्ये हाय पॉवर म्हणजे १५०० वॉटपर्यंत. दंडाच्या जोरावर आपण जिंकणार नाही, हिशोबावर थोडं पुढे सरकू शकतो.

आता मला सगळ्यात आवडणारी विंडो, चेक पार्शल. आपण कॉलची तीन अक्षरं टाइप केली की ती अक्षरं असलेले ओळखीचे कॉल खाली यायला लागतात. हे कॉल येतात कुठून तर मास्टर नावाच्या एका फाइलमधून, आणि ती फाइल बनते जगभरच्या लोकांनी वेगवेगळ्या कॉन्टेस्टला पाठवलेल्या लॉगमधून. एखाददुसऱ्या लॉगमध्ये आलेला कॉल नाही घेत, बऱ्याच ठिकाणी दिसलेला घेतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फिनलंडमधला कोणीतरी रात्री ४० मीटरवर आपला सिग्नल अर्धवट ऐकतोय, गोंगाटात त्याला फक्त व्हीयू आणि शेवटचं एक अक्षर कळलंय, तर आपला कॉल त्या फाइलमध्ये असेल तर त्याच्या स्क्रीनवर तो लगेच येतो आणि तो "पुन्हा सांगा" ऐवजी थेट आपला कॉल घेऊन विचारतो. नसेल तर तीन-चारदा विचारून तो कंटाळतो. म्हणून लॉग पाठवा रे बाबांनो, ३० कॉन्टॅक्टचा असला तरी पाठवा. आपल्याकडे बरेच जण मजा म्हणून दोन तास बसतात, पॉइंट वाटतात आणि लॉग पाठवतच नाहीत, "आपला स्कोअर काय मोठा" म्हणून. अहो स्कोअर जाऊ द्या, तुमचा कॉल त्या फाइलमध्ये गेला की पुढच्या वर्षी तुमचेच १०० वॉट जास्त लांब ऐकू येतात असं समजा.

पण याच विंडोवर डोळे झाकून विश्वास ठेवणारेही आहेत, आणि ते फसतात. स्क्रीनवर जे आलं ते खरं आणि कानाला आलं ते खोटं असं झालं की लॉगमध्ये भलताच कॉल जातो. सगळे लॉग एकमेकांशी ताडून बघतात, चुकीचा कॉल किंवा समोरच्याच्या लॉगमध्ये नसलेला कॉन्टॅक्ट उडतो आणि वर दंड म्हणून आणखी पॉइंट कापतात. नंतर प्रत्येकाला रिपोर्ट मिळतो की तुमचं कुठे काय चुकलं. सीक्यू वर्ल्डवाइडवाले तर आलेले लॉग उघड ठेवतात, कोणीही बघा, कोण कधी कुठल्या बँडवर होता. शाळेत असते तशी पेपर तपासणी इथे दोन्ही बाजूंनी होते म्हणा ना.

बँडमॅप आणि क्लस्टर हे आणखी एक प्रकरण. इंटरनेटवरून कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर आहे त्याचे स्पॉट येतात, ते उभ्या पट्टीवर दिसतात, कंट्रोल आणि बाणाने एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची, रिग आपोआप तिथे जातो. नुसती फ्रीक्वेन्सी कॉलच्या रकान्यात टाइप करून एंटर मारला तरी जातो, डायल फिरवायला नको. सीडब्ल्यूला तर रिव्हर्स बीकन नेटवर्क आहेच, ठिकठिकाणी लावलेले रिसीव्हर आपलं सीक्यू आपोआप ओळखून स्पॉट करतात, म्हणजे आपण दोनदा सीक्यू मारावा आणि मिनिटाच्या आत युरोपातून पाइल-अप, म्हणजे एकदम बोलावणाऱ्यांची झुंबड, अंगावर यावा. झोन २२ चं स्टेशन रोज कोण देतं त्यांना! फक्त लक्षात ठेवा, स्पॉट बघितले की तुम्ही असिस्टेड गटात गेलात, ते लपवून साध्या गटात लॉग टाकायचा नाही. नवीन माणसाने एक कॉन्टेस्ट तरी क्लस्टर बंद ठेवून डायल फिरवत करावी असं माझं मत, नाहीतर बँड कधी कुठे उघडतो हे कान शिकतच नाहीत.

चार-पाच जण जमून कोणाच्या तरी शेतावर अँटेना उभ्या करायच्या असतील तर याचं नेटवर्किंग भारी. दोन-तीन लॅपटॉप एकाला एक जोडले की सगळ्यांचा लॉग एकच, इकडे झालेला कॉल तिकडे करडा, आणि एकमेकांना मेसेज टाकायची सोय, जी मुख्यतः "चहा आला का" विचारायला वापरली जाते. आमच्याकडे सीनियर ओएम, म्हणजे जुना हॅम, माइकवर आणि शेजारी नवीन व्हीयू-थ्री पोरगा नाहीतर पोरगी कीबोर्डवर अशी जोडी लावतात, पोरांचा टायपिंगचा हात चपळ असतो आणि दोन तासांत त्यांना पाइल-अपमधून कॉल उचलायचा कान येतो, लेक्चर देऊन ते येत नाही. वीज गेली तरी घाबरायचं कारण नाही, प्रत्येक कॉन्टॅक्ट एंटर मारला त्याच क्षणी डिस्कवर गेलेला असतो.

उणी बाजू पण सांगतो. पहिला सेटअप डोकेदुखी आहे, पोर्ट कुठला, बॉड रेट काय, साउंड कार्ड दोनपैकी कुठलं, यात अख्खी संध्याकाळ जाते. मॅन्युअल प्रचंड आहे, उत्तर त्यात असतंच पण सापडायला पाहिजे. फक्त विंडोजवर चालतं, मॅकवाल्यांनी स्कूकम लॉगर बघावं, लिनक्सवाल्यांसाठी नॉट-वन-एमएम म्हणून एक आहे, नाव वाचूनच कळेल कोणाकडे बघून केलंय. विन-टेस्ट पण चांगलं, सुटसुटीत, पण पैसे मोजावे लागतात. डीएक्सलॉग फुकट आहे आणि दोन रेडिओ एकदम चालवणाऱ्यांत लाडकं आहे, पण आपल्याकडे अडलं तर विचारायला एन-वन-एमएमवाला लगेच सापडतो, ही बाजू छोटी नाही. रोजच्या लॉगसाठी मात्र हे वापरू नका, क्यूएसएल म्हणजे संपर्काच्या पोचपावतीची कार्डं, पुरस्कार, त्यासाठी वेगळं ठेवा, इथून एडीआयएफ फाइल काढून तिकडे टाकता येते. आणि १०० वॉटवर की दाबली की रिगचा संपर्क तुटतो अशी तक्रार करत असाल तर सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका, यूएसबी केबलवर फेराइट रिंग चढवा.

दिवाळीच्या आगेमागे एसएसबीची कॉन्टेस्ट येते तेव्हा सोसायटीभर लागलेल्या चायनीज माळांचा गोंगाट ४० मीटरवर एवढा असतो की कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, तेव्हा सरळ १० आणि १५ मीटरवर दिवसाचे तास जास्त बसा.

सुरुवात करायची असेल तर थेट ऑक्टोबरची वाट बघू नका. जुलैच्या दुसऱ्या पूर्ण वीकेंडला आयएआरयू या हॅमच्या जागतिक संघटनेची २४ तासांची कॉन्टेस्ट असते, एसएसबी आणि सीडब्ल्यू दोन्ही चालतं, तिथे हात बसवा, फक्त तिथे आयटीयू झोन, म्हणजे वेगळ्या वाटणीतला झोन, द्यायचा असतो आणि आपल्याला तो ४१ आहे, सवयीने २२ देऊ नका. संगणकाचं घड्याळ आणि टाइम झोन बरोबर लावा, लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत, जातो. संपल्यावर लॉगची कॅब्रिलो नावाच्या साच्यातली फाइल बनवून वेबसाइटवर चढवायची, सीक्यू वर्ल्डवाइडला त्यासाठी पाचच दिवस मिळतात. आणि कॉन्टेस्टच्या आधी विंडोजचे सगळे आवाज बंद करा, नाहीतर कोणाचा ईमेल आला की ती टिंग तुमच्या सीक्यूबरोबर युरोपभर ऐकू जाते.