कळमन्याकडची 'प्रोजेक्टवाली' शाळा, बाहेरून आलेल्या पोरांसाठी कशी? (५ पैकी ३ स्टार)

नाव टाकत नाही, नागपुरात कळमन्याच्या बाजूची आहे एवढं पुरे. आमच्याकडे भाड्यानं राहणारं कुटुंब छत्तीसगडमधल्या राजनांदगावकडचं, बाप मार्केटात हमाली करतो, पोरगी नववीत. अॅडमिशनपासून सगळीकडे मीच सोबत, म्हणून हा रिव्ह्यू मी लिहितेय.

चांगलं आधी सांगते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, सायन्सची लॅब खरंच उघडी असते (आमच्या वेळी लॅबला कुलूप अन् चावी हेडसरांच्या खिशात). भिंतीवर ज्ञानरचनावाद लिहिलाय, म्हणजे पोरं गटात बसून स्वतः शोधतात. घरी मराठी बोलतात, वाय-फाय आहे, आईबाबा चार्ट करून देतात, अशांसाठी एक नंबर शाळा.

आता आमच्या पोट्टीचं ऐका. 'आपल्या वस्तीतलं पाणी' असा प्रोजेक्ट होता, माहिती दोघांनी काढली, प्रेझेंटेशन एकानं दिलं आणि हिच्याकडे काय तर चार्टपेपरला स्केचपेननं बॉर्डर मारायचं काम. अहो, ती उन्हाळाभर टँकरच्या लाइनीत उभी राहते, त्या ग्रुपात पाण्याबद्दल तिच्याइतकं कोणाले माहीत असणार? पण मराठीत सांगता येईना म्हणून गप्प, अन् मॅडम मीटिंगमध्ये म्हणतात शांत मुलगी आहे हो तुमची. शांत कसली, घरी आली की छत्तीसगढीत नुसता पट्टा चालू असतो.

आणखी एक गडबड अशी की हिंदी-मराठीची लिपी एकच, त्यामुळे ती मराठी धडाधड वाचते आणि सगळ्यांना वाटतं समजतंय. वहीत बघा तर 'पुस्तक चांगली आहे', कारण हिंदीत किताब चांगली असते, आणि नपुंसकलिंग नावाचा प्रकार तिला कोणी बसवून शिकवलाच नाही. मुलं आपोआप शिकतात म्हणे. आणि दहावीला ८० मार्कांचा लेखी पेपर असतो तो पण आपोआप सुटतो का? प्रोजेक्टचं काय ते २० मध्येच.

शेवटी तिला संध्याकाळी एका रिटायर्ड सरांकडे लावली. एकदम जुना कारभार, शुद्धलेखन, लाल पेन, पत्रलेखनाचा ठरलेला साचा. सर छत्तीसगढीवरून टोमणे मारतात, प्रश्न विचारला तर चिडतात, ते मला अजिबात पटत नाही. पण तक्रारपत्राचा साचा हातात आला आणि पोरीनं टँकरवर महापालिकेला असं पत्र लिहिलं की सरांनी पण दोनदा वाचलं. हेच शाळेनं आधी साचा देऊन मग प्रोजेक्ट दिला असता तर?

म्हणजे प्रोजेक्ट वाईट असतात असं नाही हां. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये १९८५ साली खास नव्यानं आलेल्या स्थलांतरित मुलांसाठी इंटरनॅशनल हायस्कूल निघालं, तिथंही गट आणि प्रोजेक्टच, पण प्रत्येक विषयाचा शिक्षक त्या विषयातच इंग्रजी पण शिकवतो आणि पोरं गटात आपापली भाषा वापरू शकतात. एवढं लांब कशाला, १९३७ ला इथं वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नयी तालीम ही शिक्षणपद्धती ठरली तेव्हा हातानं काम करून शिकणं होतं तसं मातृभाषेतून शिकणंही होतं. आपल्या शाळांनी त्यातलं हातकाम घेतलं, भाषा सोडून दिली.

ऑफिसचा अर्धा स्टार कापलाय टीसीसाठी (शाळा सोडल्याचा दाखला). आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानं टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, नववीला ते कवच संपतं आणि क्लार्कला हे पक्कं माहीत असतं. तेव्हा गावाकडून निघतानाच टीसी आणि आठवीची मार्कशीट सोबत घ्या, आणि अॅडमिशनआधी मॅडमना सरळ विचारा की मराठीचा वेगळा तास कोण घेणार, किती वाजता. नुसतं 'बघू' म्हणाले तर सरांची संध्याकाळची बॅच आधीच बुक करून टाका, जूनमध्ये फुल होते.