पंप बदलल्याचं बिल दिलं, गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता

डिचोली-म्हापसा भागात ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. प्रकरण ग्राहक आयोगात नेतोय, म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही.

गाडीचं दुखणं असं होतं: पुढे जायला 'डी' टाकला की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम धक्का. चोर्ला घाटात आरपीएम चढायचा, वेग मात्र तिथेच. पेट्रोलही जास्त खायला लागली. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, "बाब, गिअरबॉक्सचा ऑइल पंप गेला."

हे ऐकायला पटतं, तिथेच मेख आहे. हा पंप इंजिनाबरोबर फिरून तेलाला दाब देतो आणि त्या दाबावर आतले क्लच आवळले जातात. दाब पडला की गिअर उशिरा लागतो, क्लच घसरतात, तेल तापतं आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचण्याआधीच वाया जाते. पण तेल कमी असलं तरी पंप सोबत हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि लक्षणं डिट्टो हीच दिसतात. फिल्टर तुंबला तरी तेच.

गाडी सकाळी दिली, संध्याकाळी परत. पंप, सील, तेल, मजुरी धरून २८ हजार. जुना पंप मागितला तर "भंगारवाल्याने नेला." काही दिवस गाडी झकास पळाली, मग पुन्हा तीच रड.

फोंड्याच्या मेकॅनिकने ती लिफ्टवर घेतली आणि इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या बोल्टांवर टॉर्च मारला. डोक्यांवर गंज, खाचांत खाणपट्ट्यातली तांबडी माती सुकून घट्ट बसलेली. पाना लागला असता तर कडा चकाकल्या असत्या. माझ्या गाडीत पंप टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) मागे आहे. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचतच नाही. मग त्याने गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या रबरी पाइपावर क्लिपपाशी बोट फिरवलं. बोट लाल, म्हणजे गिअरबॉक्सचं लाल तेल तिथून गळत होतं. आधीच्या पठ्ठ्याने नुसतं तेल ओतलं होतं! पाइप, क्लिप आणि कंपनीच्या ग्रेडचं तेल, सगळं ४ हजारांच्या आत झालं.

कोणी पंप गेला म्हणालं तर आधी तेलाची पातळी आणि गळती समोर तपासून घ्या. मग गेज लावून दाब मोजायला सांगा आणि आकडा जॉबकार्डवर लिहून घ्या. गेज नसेल तर गाडी तिथून काढा. लिफ्टवरचे फोटोही ठेवा, माझी सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे.

ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी चौकशी करायची तर राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५.

नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला, निम्मे पैसे घ्या आणि विषय मिटवा म्हणून. मी म्हटलं, पंप कुठल्या दुकानातून घेतलास त्याचं बिल तेवढं पाठव. अजून आलेलं नाही.