ख्रिस्ती प्रेमकथा, त्यांच्या लेखिकांच्या साक्षी आणि माझा ई-रीडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर मी सहा इंची ई-रीडर घेतला तो एकाच कामासाठी: ख्रिस्ती लेखिकांच्या प्रेमकथा वाचायला. बेळगावच्या दुकानांत मला ही पुस्तकं मिळत नव्हती. आता थंडी पडली आहे. बेळगाव-खानापूर बसमध्ये आणि रात्री लाईट गेल्यावर हे यंत्र रोज हातात असतं.

वाचायची माझी एक पद्धत ठरली आहे. आधी लेखिकेचं आयुष्य आणि तिची साक्ष, म्हणजे ती विश्वासाकडे कशी वळली ते, मग तिची कादंबरी. ज्यांना या कथा गोडगोड वाटतात त्यांनी एकदा असं वाचून पाहावंच.

अमेरिकन लेखिका फ्रान्सिन रिव्हर्स घ्या. आधी त्या साध्या बाजारू प्रेमकथा लिहीत आणि त्या खपतही होत्या. १९८६ मध्ये त्या प्रभूकडे वळल्या आणि लेखणी अडली. त्या काळात त्या पवित्र शास्त्र वाचत राहिल्या. त्यातून १९९१ मध्ये ‘रिडीमिंग लव्ह’ आली. शास्त्रातला संदेष्टा होशेय आणि त्याची बायको गोमर यांची गोष्ट त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीच्या काळात नेली. पळून जाणाऱ्या बायकोला नवरा पुन्हा पुन्हा घरी आणतो, हे वाचताना मला आधी राग येत होता. लेखिकेची साक्ष ठाऊक असल्यामुळे मी थांबले, होशेयाचा तिसरा अध्याय उघडला आणि मग पुढे गेले. ई-रीडरवर शास्त्र आणि कादंबरी दोन्ही शेजारी असतात, खूण करून लगेच परत येता येतं. माझ्यासाठी हा याचा सगळ्यात मोठा गुण.

ग्रेस लिव्हिंगस्टन हिल जुन्या अमेरिकन लेखिका, जन्म १८६५ चा. पाळक असलेला नवरा १८९९ मध्ये वारला, पदरी दोन मुली. घर चालवायला त्यांनी लिहिलं आणि शंभरावर पुस्तकं झाली. त्यांची सुरुवातीची पुस्तकं हक्कमुक्त असल्यानं फुकट उतरवता येतात. कथानकं बरीचशी एकसारखी, पण बिऱ्हाड सावरणाऱ्या त्यांच्या बायका खऱ्या वाटतात.

महिला मंडळातल्या एका मावशींनी विचारलं, “काय वाचायलीस गं एवढं?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, मग आपल्या बाबा पदमनजींचं वाचलीस का?” खरंच, हा धागा आमच्याच गावात आहे. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले. जातिभेद न मानणाऱ्या गुप्त परमहंस सभेत जाऊन आले, घरच्यांची माया सुटेना, विश्वास बसत गेला तरी पाऊल पुढे पडेना. अखेर १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. यमुना आणि विनायक हे जोडपं प्रवासाला निघतं, वाटेत विधवांची दुःखं पाहतं आणि शेवटी यमुनेवरच वैधव्य येतं. त्या काळी तिच्या पुनर्विवाहापर्यंत गोष्ट नेणं सोपं नव्हतं. मावशींनी ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्रही दिलं. रिव्हर्सबाईंपेक्षा मला ते जास्त लागलं, कारण त्यात आईबापांना सोडण्याची किंमत लपवलेली नाही.

यंत्राबद्दल: चार्जिंग आठवडे टिकतं, उन्हात पडदा स्वच्छ दिसतो, अडलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ बोट ठेवताच येतो. मराठी ई-पुस्तकांतली जोडाक्षरं नीट उमटतात. घोळ होतो तो जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. सहा इंचांवर अक्षर मुंगीएवढं होतं, मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. तुमचं वाचन मुख्यतः इंग्रजी कादंबऱ्यांचं असेल तर हाच आकार घ्या, पर्समध्ये बसतो. पदमनजींच्या काळातली मराठी पुस्तकं वाचायची असतील तर दहा इंची घ्या, नाहीतर मंडळीत कुणाकडे छापील प्रत आहे का ते विचारा.