सुरुवातीलाच मृत्यू: किशोरांसाठीच्या चार इंग्रजी कादंबऱ्या

घरातलं कुणीतरी गेल्याशिवाय हल्लीची ‘यंग अडल्ट’ कादंबरी सुरूच होत नाही. त्याला हरकत नाही. त्या मृत्यूला पुढच्या चारपाचशे पानांत काही काम आहे, की नायिकेला मोकळं करून घराबाहेर काढण्यापुरताच तो घडवलाय, एवढं मात्र तपासावं. या कसोटीवर दोन फँटसी आणि दोन आजच्या जगातल्या कादंबऱ्या पाहू.

ट्रेसी डिऑनची ‘लेजंडबॉर्न’ (२०२०) यात सरळ वरचढ ठरते. सोळा वर्षांची ब्री मॅथ्यूज आई अपघातात गेल्यावर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसवर शिकायला येते. तिथे ब्रिटिश दंतकथेतल्या राजा आर्थरच्या सरदारांचे वंशज एक गुप्त संघटना चालवत असतात. आई गेली त्या रात्री इस्पितळात आपली आठवण पुसायचा प्रयत्न झाला होता, हे ब्रीच्या लक्षात येतं आणि ती त्या संघटनेत शिरते. म्हणजे शोक हेच कथानकाचं इंजिन. जादूच्या दोन पद्धतींतला फरक तर फारच नेमका आहे. संघटनेची ताकद रक्ताच्या वारशाने, हक्क म्हणून मिळते; कृष्णवर्णीय बायकांची ‘रूटक्राफ्ट’ पूर्वजांकडून मागून, तात्पुरती घ्यायची असते. अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास याच फरकात दडलाय आणि शेवटचा धक्का तिथूनच बसतो.

अडचण परिभाषेची. सायन, स्क्वायर, पेज, किंग्जमेज, शॅडोबॉर्न... सुरुवातीच्या शंभरेक पानांत शब्दांचा नुसता भडिमार. सगळं लक्षात ठेवायच्या फंदात पडू नये. ब्री आणि संघटनेतले निक व सेल एवढी तीन माणसं पक्की धरली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. दुसरा भाग ‘ब्लडमार्क्ड’ (२०२२) मधेच पसरट होतो आणि तिसऱ्या ‘ओथबाउंड’ने (२०२५) गोष्ट संपलेली नाही. अर्धवट मालिका सोसत नसेल त्यांनी पहिला भाग वाचून थांबावं, तो बऱ्यापैकी स्वयंपूर्ण आहे.

रेबेका रॉसची ‘डिव्हाइन रायव्हल्स’ (२०२३) वाचायला याहून कितीतरी सोपी. आयरिस आणि रोमन एकाच वर्तमानपत्रात एकाच जागेसाठी झगडतात. आयरिस देवादेवांतल्या युद्धावर गेलेल्या भावाला टंकयंत्रावर पत्रं लिहून कपाटाच्या दाराखालून सरकवते आणि ती पोचतात रोमनच्या हाती. पत्रांचा भाग अप्रतिम. देवांचं युद्ध मात्र पडद्यावर रंगवल्यासारखं, मागेच राहतं: ते कशासाठी चाललंय आणि सैनिक कुठल्याही देवाच्या बाजूने का लढतात, हे पुरेसं उलगडत नाही. आईचा मृत्यूही आयरिसला युद्धवार्ताहर म्हणून आघाडीवर धाडायला सोयीचा, एवढाच. पुस्तक ऐन मोक्यावर तुटतं, त्यामुळे ‘रूथलेस व्हाउज’ सोबतच घ्यावं. दोन भागांत विषय संपतो, ही जमेची बाजू.

अँजलीन बूलीच्या ‘फायरकीपर्स डॉटर’ला (२०२१) किशोरसाहित्यासाठीचा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार मिळाला, तो योग्यच. २००४ साल, मिशिगनमधलं सू सेंट मेरी आणि शेजारचं शुगर आयलंड. ओजिब्वे या अमेरिकी आदिवासी जमातीतला बाप आणि गोरी आई असलेली डॉनिस अमली पदार्थांच्या तपासात एफबीआयची खबरी होते. तिला रसायनशास्त्रही येतं आणि जमातीचं वनस्पतिज्ञानही. तपासाला ही दोन्ही लागतात, नुसती सजावट म्हणून ती आलेली नाहीत. पूर्वार्ध संथ आहे. हॉकी, नातेवाईक, जमातीची सदस्यता कुणाला मिळते त्याचे नियम, हे सगळं चवीने येतं, पण रहस्यकथा म्हणून हातात घेतलेला वाचक इथेच पुस्तक मिटतो. त्याने थोडा दम धरावा. पहिला खून झाल्यावर वेग येतो. लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, तेव्हा पंधरा-सोळाच्या आत देऊ नये.

एलिझाबेथ असेवेडोची ‘क्लॅप व्हेन यू लँड’ (२०२०) पूर्ण पद्यात आहे. न्यूयॉर्कहून डॉमिनिकन रिपब्लिकला निघालेलं विमान कोसळतं आणि दोन देशांतल्या दोन मुलींना कळतं, की आपला बाप एकच होता. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोसळलेल्या फ्लाइट ५८७ची पार्श्वभूमी तिला आहे. त्या दुर्घटनेत जमिनीवरच्या पाच जणांसह २६५ माणसं गेली. इथे बापाचं जाणं हीच पूर्ण गोष्ट: अंत्यविधी कुठे करायचा, विम्याचे पैसे कुणाचे, त्या दोघींतल्या कामिनोच्या शिक्षणाचा खर्च आता कोण करणार. दुःखाबरोबर येणारा हा हिशेब किशोरांच्या पुस्तकांत क्वचितच इतका स्वच्छ मांडला जातो. छेडछाड आणि पाठलागाचे प्रसंग यातही आहेत. ओळी छोट्या, पानावर मोकळी जागा भरपूर; मराठी माध्यमातून इंग्रजी वाचनाकडे वळणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना चारांतलं हेच आधी द्यावं. स्पॅनिश शब्द अडले तर पुढे जावं, संदर्भाने कळतात.

खरेदी करताना एक गोष्ट सांभाळा. रेबेका यारोसची ‘फोर्थ विंग’ दुकानांत आणि ऑनलाइन याद्यांत सर्रास याच पुस्तकांशेजारी दिसते. ड्रॅगन आणि लष्करी महाविद्यालय असलं तरी ती प्रौढांसाठीची आहे. सारा मासची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ मध्ये किशोरांसाठी म्हणून आली आणि २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठासह प्रौढ विभागात गेली. जुन्या पुस्तकांच्या बाजारात पहिली आवृत्ती हाती लागली, तर वेष्टनावरून वयाचा अंदाज बांधू नये.