झेडएफएस सेंड-रिसीव्ह: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

लाखो बारक्या फायलींचं शेअर आरसिंक या कॉपी करणाऱ्या टूलने दुसऱ्या सर्व्हरवर नेताना बराच वेळ नुसतं काय बदललंय ते धुंडाळण्यात जातो. झेडएफएस ही फाइलसिस्टिम सेंड-रिसीव्ह या जोडकमांडने प्रत पाठवताना धुंडाळतच नाही. ब्लॉक कोणत्या ट्रान्झॅक्शन ग्रुपमध्ये (एकत्र डिस्कवर जाणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात) लिहिला गेला याची नोंद त्याच्या पॉइंटरमध्येच असते, त्यामुळे जुन्या स्नॅपशॉटनंतर (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीनंतर) हात न लागलेल्या फांद्या वाचल्याच जात नाहीत. फोल्डरचं नाव बदललं म्हणून आतला डेटा पुन्हा जातो असंही होत नाही.

कमांड सोपी आहे. पहिल्यांदा पूर्ण स्नॅपशॉट सेंड करून एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या पाइपमधून पलीकडच्या रिसीव्हला द्यायचा, पुढे दर वेळी आधीचा आणि नवा अशी जोडी. सेंडला छोटा 'आय' (-i) हा पर्याय दिला की दोन टोकांमधला फरक जातो. मोठा 'आय' (-I) दिला की मधले सगळे स्नॅपशॉटही जातात. तासातासाचा इतिहास पलीकडे हवा असेल तर मोठाच. सोबत छोटा 'सी' जरूर द्या, नाहीतर कॉम्प्रेस केलेले ब्लॉक वाटेत उघडे होऊन जातात.

खरी मेख आहे दोन्हीकडचा समान स्नॅपशॉट जपण्यात. लाइन चार दिवस बंद पडली आणि मूळ सर्व्हरवरच्या क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) जुने स्नॅपशॉट साफ केले, तर फरक काढायला आधारच उरत नाही. मुकाट्याने पूर्ण प्रत पाठवावी लागते. १ गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला ११० एमबी धरले तरी १० टीबीला २५ तास. यावर उपाय दोन. शेवटच्या पाठवलेल्या स्नॅपशॉटवर होल्ड लावायचा, म्हणजे डिस्ट्रॉय त्याला हात लावू शकत नाही. किंवा त्याचा बुकमार्क, म्हणजे डेटाशिवाय नुसती खूण, करायचा. तो जवळजवळ जागा खात नाही आणि मूळ स्नॅपशॉट उडाला तरी चालतं. मात्र पलीकडे तो स्नॅपशॉट शाबूत हवा, आणि बुकमार्कवरून फक्त छोटा 'आय' चालतो.

दुसरी हमखास डोकेदुखी: 'शेवटच्या स्नॅपशॉटनंतर डेस्टिनेशन बदललं आहे' अशा अर्थाची एरर. पलीकडे कोणी डेटासेट (झेडएफएसमधली एक स्वतंत्र फाइलसिस्टिम) माउंट करून नुसता चाळला, तरी अ‍ॅक्सेस टाइम लिहिला जातो आणि ही एरर येऊ शकते. तिकडे रीडओन्ली ऑन ठेवा. रिसीव्हला मोठा 'एफ' देऊन रोलबॅक करता येतो, म्हणजे शेवटच्या स्नॅपशॉटवर परत जाता येतं, पण सेंडला मोठा 'आर' (खालचे डेटासेट आणि स्नॅपशॉट सगळे पाठवणारा) असताना तो 'एफ' डोळे झाकून क्रॉनमध्ये टाकू नका. मूळ बाजूला नसलेले स्नॅपशॉट आणि डेटासेट तो जोडीने पाठवलेला फरक उतरवताना पलीकडूनही पुसतो. इकडे कोणी चुकून डेटासेट उडवला तर रात्री बॅकअपही गेला. माझ्या मते ही जोडी बॅकअपसाठी वापरूच नये. पलीकडची साफसफाई वेगळ्या नियमाने करावी.

मोठ्या 'आर'सोबत प्रॉपर्टीही जातात, त्यात माउंटपॉइंट. मूळचा माउंटपॉइंट 'होम' असेल तर बॅकअप सर्व्हरच्या होमवर तो येऊन बसतो. रिसीव्हला 'यू' दिला की त्या वेळी माउंट होत नाही, पण रीबूटनंतर होतो. म्हणून 'एक्स' देऊन माउंटपॉइंट वगळा आणि कॅनमाउंट नोऑटो करा.

लाइन भरवशाची नसेल तर रिसीव्हला छोटा 'एस' द्याच. अर्धवट तुटलं की पलीकडच्या डेटासेटवर रिझ्यूम टोकन उरतं. ते सेंडला छोट्या 'टी'सोबत दिलं की तिथूनच पुढे सुरू. अर्धवट माल पडून असेपर्यंत त्या डेटासेटवर नवा सेंड घेतला जात नाही. तो नकोच असेल तर रिसीव्हला मोठा 'ए' देऊन टाकून द्या. स्क्रिप्टमध्ये ही तपासणी नसेल तर पहिल्या तुटीनंतर रोज एररच.

एन्क्रिप्टेड डेटासेट छोटा 'डब्ल्यू' देऊन कच्चा, म्हणजे न उलगडता आहे तसाच, पाठवता येतो, २०१९च्या ०.८ आवृत्तीपासून. चावी पलीकडे द्यावी लागत नाही, म्हणून परक्या जागेतल्या सर्व्हरसाठी उत्तम. पण एन्क्रिप्शन आणि कच्चा सेंड या जोडीतल्या बगच्या तक्रारी बरीच वर्षं येत आल्या आहेत, त्यामुळे अधूनमधून चावी लोड करून फायली उघडून पाहा.

कामाची पडताळणी म्हणून दोन्हीकडच्या स्नॅपशॉटचा जीयूआयडी (प्रत्येकाचा एकमेव ओळख क्रमांक) जुळवा. नाव सारखं असून जीयूआयडी वेगळा असेल तर तो समान आधार नाही. आणि पलीकडे महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणारी कमांड, चालवा.