उपचार करणारा न्यूरोलॉजिस्ट की मेडिकल बोर्ड?

अपघातात डोक्याला मार लागला, दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात गेला. आता मेंदूची हानी कोण सांगणार? उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पहिला सीटी स्कॅन पाहिलेला असतो, शर्टाचं बटण लावताना थरथरणारी बोटं महिनोन्महिने पाहिलेली असतात. मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांचं मंडळ, एक-दोनदाच तपासतं, पण ते कुणाच्या बाजूचं नसतं. कधी उपचारच न करता तयार दाखला देणारा डॉक्टर मात्र नकोच. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्याबाबत सावध केलंय. त्याच निकालानुसार अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे. तीच थरथर गवंड्याची रोजी घालवते, गल्ल्यावर बसणाऱ्याची कदाचित नाही. म्हणून मी म्हणेन, आधी उपचार करणाऱ्यांनाच साक्षीला बोलवा. टक्केवारीवर वाद झाला, तर बोर्ड.